एक रिंग जास्तीची

मित्रांनो, आत्मवृत्त सांगायचा मान आजवर फाटकी पुस्तकं, वठलेली झाडं आणि बंद पडलेली घड्याळं यांनाच मिळत आला आहे. तोंड उघडण्यापूर्वी निकामी व्हावं, असा बहुधा नियम असावा. मी तो मोडते आहे. मी एक जुनी डिझेल गाडी आहे, एके काळी पांढरी होते, आणि अजून चालते. यातले शेवटचे दोन शब्द जरा जोर देऊन वाचा, एवढीच विनंती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे दर दहा मिनिटांनी माझी एक बहीण जन्माला येत असे, त्यामुळे कौतुक कुणाचंच झालं नाही. कौतुक झालं ते बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या जानेफळला. शेषराव नावाच्या शेतकऱ्याने मला दारात आणून उभं केलं आणि त्यांच्या पत्नीने, गोजरबाईंनी, मला ओवाळलं. कपाळावर कुंकू, पुढच्या काचेवर हळदीचं स्वस्तिक, आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू. पहिल्याच दिवशी चार लिंबं चिरडायला लावून त्यांनी मला कामाला जुंपलं.

त्यानंतरची वीस वर्षं मी काय वाहिलं नाही? बियाण्याच्या पिशव्या वाहिल्या, नवरदेव वाहिले, रुसलेले जावई परत आणले. अडलेल्या बायकांना मेहकरच्या दवाखान्यात नेलं. दोन मुलं माझ्या मागच्या सीटवर जन्मायची थोडक्यात राहिली. ती आता कॉलेजात आहेत आणि मला ओळख देत नाहीत.

पण माझं खरं काम वेगळं होतं. गोजरबाईंचं माहेर खामगावचं. आमच्याकडे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन प्रकारचे लोक असतात. शेषराव घाटावरचे, गोजरबाई घाटाखालच्या. सणावाराला घाट उतरून त्यांना खामगावला न्यायचं आणि घाट चढून परत आणायचं, यासाठी मी होते. अलीकडे गोजरबाईंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. माझ्या पुढच्या सीटवर मात्र त्या आधी बसतात, मग एकेक पाय आत उचलून घेतात. शेषराव तोवर दार धरून दुसरीकडेच कुठेतरी बघत उभे राहतात. या गोष्टीबद्दल त्यांनी आजवर एक शब्द काढलेला नाही. ते फक्त मला चालू ठेवतात.

आणि गेल्या एप्रिलमध्ये मी बंद पडले.

खोटं कशाला सांगू, घाटातच पडले. ऐन दुपारी, सावली नसलेल्या वळणावर. गोजरबाई दोन तास उन्हात बसून होत्या. ही बातमी पुण्याला, त्यांच्या मुलाला, राजकुमारला कळली. राजकुमार पुण्यात नोकरी करतो आणि मन लावून काळजी करतो. त्याचा फोन आला तेव्हा मी अंगणातच होते.

"बाबा, पुरे झालं आता. ती गाडी भंगारात द्या. आईला काही झालं असतं म्हणजे?"

"अरे, फिल्टर चोंदला होता फक्त."

"दरवेळी फक्तच असतं तुमचं. ऐका. मामाच्या नातीचं बारसं आहे ना रविवारी? मी शनिवारी संध्याकाळी येतो. या गाडीनेच जाऊ. जाऊन येऊन एकदाही बंद पडली नाही, तर ठेवा. पडली, तर खामगावातच देऊन येऊ."

"मंजूर," शेषराव म्हणाले. माझं मत कुणी विचारलं नाही.

मित्रांनो, फिल्टर म्हणजे डिझेलची गाळणी. पत्र्याचा एक डबा, आत कागदाच्या घड्या, आणि डब्याच्या तोंडाला एक काळी रबराची रिंग. या रिंगेमुळे डिझेल बाहेर येत नाही आणि हवा आत जात नाही. घाटातून ओढून आणल्यावर आमच्या गोकुळ मिस्त्रीने माझा चोंदलेला फिल्टर झटकून तात्पुरता बसवला होता आणि नवा आणून ठेवायला सांगितलं होतं. शेषरावांनी तो आणला. पण बारशाच्या आठवड्यात गोकुळ मेहुणीच्या लग्नाला बीबी गावाला गेला. शनिवारी सकाळी शेषरावांनी बाह्या सारल्या. वीस वर्षं गोकुळच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी सूचना दिल्या होत्या, त्यामुळे काम आपल्याला येतं असा त्यांचा समज होता.

तसं आलंही बरंचसं. जुना डबा त्यांनी नीट फिरवून काढला. त्याची रिंग मात्र डब्यासोबत निघाली नाही. वरच्या बैठकीलाच, म्हणजे डबा जिथे टेकतो त्या जागेलाच, चिकटून राहिली. ती शेषरावांना दिसली. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर लोक त्यांच्या नजरेवर घसरतील. नजर शाबूत आहे. त्यांनी रिंग बोटाने चाचपली आणि स्वतःशीच म्हणाले, "चांगली तं हाये. कायले फेका? एकीवर एक बसली तं डबल पक्कं होईन."

हा माणूस दाराला कडी घालून वर दोरी बांधतो. पोत्याच्या तोंडाला दोन गाठी मारतो. फोन ठेवताना "ठेवतो" असं दोनदा म्हणतो. अशा माणसाने मला दोन रिंगा लावल्या, त्यात मला तरी नवल वाटलं नाही.

नवा डबा चढला. शेषरावांनी डिझेल वर ओढायचा माझा हातपंप दाबला, आणि नव्या डब्याच्या गळ्यातून डिझेल ठिबकायला लागलं. त्यांनी डबा आवळला, तरी ठिबकलं. कमरेचा पट्टा काढून डब्याला गुंडाळला आणि दोन्ही हातांनी पिळला. आता धारच लागली.

तेवढ्यात शेजारचे राम टेलर बिडी ओढत कुंपणाशी आले.

"काय शेषरावभाऊ, गळून राह्यली काय?"

"इझव बे ते बिडी आधी!"

रामभाऊंनी बिडी चपलेखाली चिरडली आणि तज्ज्ञ म्हणून आत आले. ते शिलाईचं काम करतात, पण गळतीवर त्यांचं मत होतं. "साबण लावा. टाकी फुटली तं लावतेत नाही का?"

मोरीतून गोजरबाईंचा अंगाचा साबण आला. रामभाऊंनी तो कणकेसारखा मळून माझ्या गळ्याभोवती थापला. अर्ध्या तासाने मी पुन्हा गळायला लागले, फक्त आता चंदनाचा वास येत होता. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी झाली. ती डिझेल पिऊन फुगली आणि सुटली. शेवटी बीबीला फोन झाला. मागे बँड वाजत होता.

"आवळा अजून," गोकुळ ओरडला. "नाहीतं मी सोमवारी येतो."

सोमवार बारशाच्या नंतर येतो, हे शेषरावांनी त्याला सांगितलं नाही. पट्टा खांद्यावर टाकून ते माझ्या चाकाशी खाली बसले. रामभाऊ बराच वेळ उभे राहिले आणि मग एक पोलकं अर्धवट राहिल्याचं त्यांना आठवलं.

गोजरबाई बाहेर आल्या त्या वेगळ्याच कामाला.

"अहो, माही परात कुठी हाये?"

शेषरावांनी मान हलवली नाही. परात माझ्या पोटाखाली होती, आणि दोन बोटं भरली होती.

गोजरबाईंनी वाकता येईल तेवढं वाकून पाहिलं. परातीबद्दल त्या जे बोलल्या ते मी इथे देत नाही. हे मुलांसाठी आहे. मग त्या ओट्यावर टेकल्या. गुडघा चोळत म्हणाल्या, "राह्यलं जायचं तं राह्यलं. फोनवर पाहून घेईन लेकराले. त्यात काय एवढं?"

शेषराव पट्ट्याचं बक्कल चोळत राहिले. मित्रांनो, वीस वर्षांत मी या माणसाला ट्रॅक्टरशी, तलाठ्याशी आणि आभाळाशी भांडताना पाहिलं होतं. गप्प बसलेला प्रथमच पाहिला.

त्यांचं गप्प बसणं गोजरबाईंनाही सोसलं नसावं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पण झालं काय याले? नवीन डबा, नवीन रिंग. मंग गळते काऊन?"

"तेच तं समजत नाई. दोन-दोन रिंगा हायेत आतमंदी."

"दोन?"

"एक जुनी. चांगली होती, राहू देल्ली."

गोजरबाईंनी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी बॉनेट मिटून घेतलं असतं, पण ते काठीवर टेकवलेलं होतं.

"कुकरले दोन रिंगा लावता का कधी?"

"कुकर कुठी अन् गाडी कुठी!"

"वाफ तेच करते, तुमचं डिझेल तेच करते. जुनी काढल्याबिगर नवीन बसते काय? एकीवर एक घसरते, अन् मंधून जागा होते. चाळीस वर्षं कुकर लावून राह्यली मी. उठा. काढा ते जुनी."

शेषराव उठले. काही माणसं बायकोचं ऐकल्यासारखं दिसू नये म्हणून आधी घोटभर पाणी पितात. तेही प्यायले. मग त्यांनी डबा उतरवला, जुनी रिंग नखाने सोडवली, धोतराच्या मऊ फडक्याने बैठक कोरडी होईस्तोवर पुसली. पट्ट्याने पिळलेली नवी रिंगही एका बाजूने वाकडी झाली होती. पण डब्यासोबत खोक्यात एक जास्तीची आली होती, ती शेषरावांनी अर्थातच जपून ठेवली होती. जपण्याची सवय एकदा कामी आली, हेही नोंदवायला हवं. रिंगेला डिझेलचं बोट फिरवलं, डबा भरून हातानेच चढवला. टेकल्यावर जेमतेम पाऊण फेरा आवळला. पट्टा गोजरबाईंनी आधीच काढून घेतला होता.

हातपंप दाबला. हवा काढायचा बोल्ट सैल केला तेव्हा आधी फेस आला, मग फुस्सफुस्स झालं, आणि मग स्वच्छ डिझेल. बोल्ट घट्ट. माझ्या खाली जुन्या वर्तमानपत्राचं पान अंथरलं. दोघंही ओट्यावर बसून त्या पानाकडे पाहत राहिले. तासाभराने गोजरबाई म्हणाल्या, "एक थेंब नाई."

"नाई," शेषराव म्हणाले. "तुही परात घासून देऊ काय?"

संध्याकाळी राजकुमार आला. रविवारी सकाळी आम्ही निघालो. उतारावर मी गुणी मुलीसारखी गेले, बारसं पाहिलं. म्हणजे बाहेर उभी राहून पेढ्यांचा वास घेतला. परत येताना राजकुमार म्हणाला, "घाटात मी चालवतो." शेषरावांनी चावी दिली. गोजरबाई पुढे आणि शेषराव मागे.

अर्ध्या घाटात एक ट्रक आडवा झाला होता. पुढे वीस-पंचवीस गाड्या उभ्या. राजकुमारने ब्रेक दाबला आणि चावी फिरवून मला बंद केलं. पुण्याची सवय! तिथे म्हणे सिग्नलला असं करतात.

मागच्या सीटवर शेषरावांनी श्वास आत घेतला तो तसाच ठेवला. चढावर उभी केलेली जुनी डिझेल गाडी, कालच उघडलेला फिल्टर. कुठे केसाएवढी फट असेल तर तेवढ्या वेळात हवा आत जाते, आणि मग गाडी नुसती कुंथते. हे मला माहीत होतं, शेषरावांना माहीत होतं. गोजरबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती.

वीस मिनिटांनी ट्रक हलला. राजकुमारने चावी फिरवली.

मी आजवर पुष्कळदा चालू झाले आहे. इतकी मनापासून कधी झाले नव्हते.

दोन वळणं मागे पडली. मग राजकुमार म्हणाला, "फिल्टर गोकुळने मस्त बदललाय."

"गोकुळ बीबीले गेला," गोजरबाई म्हणाल्या. "तुह्या बाबानं बदलला."

"एकट्याने?"

"मंग? एकट्यानंच."

आरशात राजकुमारला वडील दिसले. ते कौतुक स्वीकारण्याच्या बेतात होते. एक वळण त्यांनी स्वीकारूनही पाहिलं. पण ते काही अंगाला लागेना.

"खोटं बोलते ते," शेषराव म्हणाले. "म्या दोन रिंगा लावल्या होत्या. काल सकाळपून परात भरून डिझेल गळलं. तुह्या मायनं सांगतलं तवा जमलं."

राजकुमारने घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली आणि मला पुन्हा बंद केलं.

"हे थांबणं बंद पडण्यात धरतू काय?" शेषरावांनी हळूच विचारलं.

राजकुमार खाली उतरला. इस्त्रीच्या शर्टासह रस्त्यावर उताणा झाला आणि माझ्या पोटाखाली सरकला. खूप वर्षांनी कुणी तरुण माणूस मला इतक्या जवळून पाहत होता. त्याने फिल्टरच्या बुडाला, गळ्याला, नळीला बोट फिरवलं. ते बोट उन्हात धरून पाहिलं. बाहेर आला तेव्हा पाठ धुळीने भरलेली होती आणि पुणेरी बोलणं खालीच कुठेतरी राहिलं होतं.

"कोरडी हाये, बाबा. पार कोरडी."

मग त्याने मागचं दार उघडलं आणि वडिलांच्या हातात चावी ठेवली. "तुमीच चालवा. मी झोपतो मागं."

आणि जानेफळपर्यंत तो खरोखर झोपला, तोंड उघडं टाकून.

मित्रांनो, आता रिवाजाप्रमाणे मी काहीतरी मागायला हवं. पाणी, हवा आणि तेल तुम्ही आपापल्या गाड्यांना वेळेवर द्यालच. माझं मागणं थोडं वेगळं आहे. तुमच्या घरातल्या जुन्या गाडीची परीक्षा घ्यायची असेल तर जरूर घ्या, जुन्या माणसांचीही घ्या, आम्ही दोघंही तयार आहोत. पण निकाल लांबून, फोनवरून लावू नका. शर्ट मळला तरी चालेल. एकदा स्वतः खाली वाकून, हात लावून बघा.