तेजबाबांचा लाल दोरा

“अकरा पूर्णांक चार... पाच... अहो, सहा झाले!”

आमच्या घरगाडीच्या दारात माणसांची झुंबड उडाली होती. दारातून, खिडकीतून, जिथून जमेल तिथून माना आत घुसल्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या बोटभर पडद्याला चिकटले होते. बॅटरी किती व्होल्टवर आहे ते त्या पडद्यावर दिसतं. खाली तेजबाबा मांडी ठोकून बसले होते. पलंगाखालच्या बॅटरीवर दोन्ही तळवे टेकवलेले, डोळे मिटलेले. इंजिन बंद, चार्जर नाही, काही नाही. तरी आकडा खरोखरच वर सरकत होता.

“अकरा पूर्णांक आठ!” शेजारच्या गाडीतले दातांचे डॉक्टर ओरडले. “मी विज्ञानाचा माणूस आहे बरं का, पण आकडा खोटं बोलत नाही.”

“बॅटरी म्हणजे काय?” बाबा डोळे न उघडता म्हणाले. “एक जीव. तिलाही भूक आहे, तिलाही अपमान कळतो. तुम्ही तिच्याकडून नुसतं घेता, घेता आणि घेता. दिलंत कधी? मी देतो. ब्रह्मांडातलं क्वांटम तेज माझ्या उजव्या तळव्यातून शिरतं आणि डाव्यातून बाहेर पडतं.”

“मग उजवा तळवा ब्रह्मांडाकडे धरा ना,” मी म्हटलं. “तोही बॅटरीवरच टेकवलाय तुम्ही.”

“गप्प बस गं!” ताई माझ्यावर खेकसली. “तुझी जीभ म्हणजे ना!”

मी गप्प बसले. मला मेलीला गप्प बसणं कधी जमत नाही, पण पलंगावर दाजी होते. तोंडावर मास्क, उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर, आणि प्रत्येक श्वासाला छाती अशी वर येत होती की बघवत नव्हतं.

दाजींची सगळी उमर दगड कापण्यात गेली आणि ती धूळ फुप्फुसात बसली. हवेतून ऑक्सिजन गोळा करून देणारं एक छोटं मशीन त्यांना रात्रंदिवस लागतं. ते चालतं घरगाडीतल्या बॅटरीवर. अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक इंजिन सुरू करायला, दुसरी घर चालवायला, म्हणजे दिवे, पंखा, फ्रीज आणि आमच्या घरी दाजींचा श्वास. इंजिन चाललं की घरची बॅटरी भरते. सिलिंडर फक्त अडीनडीला.

आणि अडीनडी आलीच होती. पुढे दरड कोसळून घाट बंद, मागे पूल खचलेला. मधल्या वाहनतळावर आम्ही दहा-बारा घरगाड्या अडकून पडलो होतो. फोनला रेंज नाही. पायी आलेला सरकारी माणूस सांगून गेला होता की उद्या दुपारपर्यंत एक बाजू मोकळी होईल. उद्या दुपारपर्यंत. दाजींना तेवढं पोचवायचं होतं, बाकी आम्हाला काही नको होतं.

अडकल्यावर सगळ्यांनीच डिझेल वाचवायला इंजिनं बंद ठेवली, त्यामुळे सगळ्यांच्याच बॅटऱ्या उतरल्या. यात चमत्कार काही नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण तळाच्या टोकाला उभ्या असलेल्या लांबलचक पांढऱ्या गाडीतून तेजबाबा उतरले आणि इंजिनाशिवाय बॅटरी भरून देतो म्हणाले. बुडत्याला काडीचा आधार, ही तर अख्खी फळी वाटली लोकांना.

बाबांचे नियम कडक. आधी पूर्ण मौन, माणसांचं आणि यंत्रांचंही. गाडीतलं एकूण एक बटण बंद, दाजींचं मशीनसुद्धा. म्हणजे तेज पाजायचं बॅटरीला आणि तेवढा वेळ सिलिंडर संपायचा दाजींचा! मग तळवे. आकडा चढला की बॅटरीच्या टर्मिनलवरची पितळी पकड सोडवायची, टर्मिनलला लाल दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि वरून पकड परत बसवायची. तेज गळू नये म्हणून. दक्षिणा? छे छे, बाबांना पैशाचा स्पर्श वर्ज्य. फक्त डिझेलचा एक डबा.

“इंजिनातलं डिझेल सरतं, ताई,” ते म्हणायचे, “तेज सरत नाही.”

आमच्याकडचा आज तिसरा दोरा होता. बाबा डबा उचलून गेले. मी मशीन लावलं. सिलिंडर बंद केला. ताईने पडद्याला हात जोडले. थोडा वेळ मशीन गुरगुरलं आणि मग किंचाळायला लागलं. पडद्यावर दहा पूर्णांक आठ. मशीन बंद पडलं.

“अगं बाई!” ताई मटकन खाली बसली. “आत्ता तर बारावर होता गं!”

मी परत सिलिंडर चालू केला. त्याचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता. दाजींचे ओठ जांभळट दिसत होते. ते नुसते ताईकडे बघत होते. ताईने त्यांचा हात धरला आणि तिला रडू फुटलं. मोठ्याने, लहान मुलीसारखं.

“जा, बाबांना घेऊन ये,” ती मला म्हणाली. “शेवटचा डबा आहे, तो घेऊन जा.”

“ताई, तो डबा आपल्या टाकीत ओतू.”

“काल इंजिन चालवलंच होतं ना तासभर? चालू होतं तोवर मशीन चाललं, बंद केलं की परत किंचाळलं. काय भरलं बॅटरीत? शून्य! तुझं शास्त्र ठेव तुझ्या शाळेत. माझा नवरा मरतोय गं!”

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर बॅटरीची हजार चित्रं काढली. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात काही म्हणजे काही येत नव्हतं. डबा पलंगाखाली होता, तो ओढायला मी वाकले आणि नाकात वास शिरला. जळक्या चिंधीचा. मी पकडीला बोट लावलं.

“आई गं!” चांगलाच चटका बसला.

नीट जोडलेली पकड तापत नसते. तापते कधी? विजेची वाट अडली की. ताई म्हणाली ते वाक्य मग माझ्या डोक्यात उलगडायला लागलं. इंजिन चालू असताना मशीन चालतं, कारण इंजिनाची वीज पकडीपर्यंत येते आणि तिथूनच मशीनला मिळते. पण पकडीतून बॅटरीत ती शिरतच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत! आम्ही तेज शोधत होतो ब्रह्मांडात.

मी धावत दातांच्या डॉक्टरांच्या गाडीकडे गेले. नवी कोरी गाडी, तिच्यात लागेल न लागेल ते सगळं सामान घेऊन ठेवलेलं.

“व्होल्ट मोजायचा मीटर आहे?”

“आहे ना,” ते म्हणाले, “पण अजून वेष्टणातून काढला नाहीये.”

वेष्टण मी दातांनी फाडलं. डॉक्टर मागोमाग आले, त्यांच्या मागे अर्धा तळ आला. कुणीतरी बाबांनाही वर्दी दिली.

मी क्षणभर मशीन चालू केलं आणि मीटरची एक काडी ऋण टर्मिनलवर ठेवली. दुसरी धन टर्मिनलच्या शिशाच्या खुंटावर, पकडीवर नाही, खुद्द खुंटावर.

“डॉक्टर, वाचा.”

“अकरा पूर्णांक नऊ.”

ती काडी केसभर सरकवून मी पितळी पकडीवर टेकवली. “आता?”

“दहा पूर्णांक आठ.” ते चष्मा पुसून परत वाकले. “असं कसं? मध्ये अंतर कितीसं आहे?”

“मध्ये दोरा आहे,” मी म्हटलं.

मशीन किंचाळून बंद पडलं. मी सगळी बटणं बंद केली आणि पायातली रबरी चप्पल काढून बॅटरीच्या मधोमध ठेवली.

“अगं काय करतेस?” ताई ओरडली.

“बघ पडद्याकडे.”

आकडा पटकन वर उडाला आणि मग सावकाश सरकायला लागला. अकरा पूर्णांक नऊ. बारा. दारात कुणीतरी फिसकन हसलं.

“बॅटरीवर ओझं असलं की आकडा पडतो,” मी म्हटलं. “ओझं काढलं की आपोआप चढतो. धावून आलेला माणूस बसला की त्याचा श्वास जागेवर येतो ना? तसंच. त्यात पोटात नवा घास जात नाही. बाबा आधी सगळं बंद करायला लावतात आणि मग तळवे ठेवतात. त्यांच्या तळव्याने जे केलं तेच माझ्या चपलेने केलं. आणि पहिल्या दिवशी बॅटरी नुसती अर्धीमुर्धी उतरली होती, आता या दोऱ्यांनी ती अडवून ठेवलीय. आत वीज आहे ताई, ती बाहेर येऊ शकत नाहीये!”

“थांबा!” गर्दी सारून बाबा दारात उभे राहिले. “त्या दोऱ्याला कात्री लागली की तेज निघून जाईल. बॅटरी मरेल. आणि तिच्याबरोबर हा माणूसही. मग मला दोष देऊ नका.”

मी कात्री हातात घेतली होती, पण माझा हात थबकला. खोटं का बोलू? समोर माणूस मरत असताना आपण चुकलो तर काय, हा विचार कुणाला सोडत नाही. सिलिंडरची फुसफुस बारीक होत चालली होती.

ताई उठली. रडून तिचा चेहरा सुजला होता.

“बाबा,” ती म्हणाली, “दोरा राहू दे. मशीन राहू दे. तुमचे तळवे यांच्या छातीवर ठेवा. द्या श्वास. बॅटरीला देता ना? माझ्या माणसाला द्या.”

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“या ना पुढे! ठेवा!”

बाबा एक पाऊल मागे सरले. त्यांना मागे सरताना सगळ्यांनी पाहिलं. ताईने माझ्या हातातली कात्री घेतली.

मी आधी ऋण बाजूची वायर सोडवली, मग धन पकड. ताईने दोरे कापले. सगळ्यात आतला काळा पडून करपला होता. डॉक्टरांनी पॉलिश पेपर आणून दिला. मी खुंट आणि पकडीचा आतला भाग चकचकीत होईस्तोवर घासला, पकड बसवली, पान्याने आवळली, वायर लावली. एवढंच. पाच मिनिटांचं काम.

ताईने मशीनचं बटण दाबलं.

मशीन गुरगुरलं. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. अकरा पूर्णांक नऊ. थोड्या वेळाने पाहिलं, तरी अकरा पूर्णांक नऊ. मशीन किंचाळलं नाही. मी नळी मशीनला जोडली आणि सिलिंडर बंद केला. दाजींच्या छातीचं ते भयंकर उसळणं हळूहळू शांत होत गेलं. ओठांवर रंग यायला वेळ लागला, पण आला.

मग ताईने शेवटचा डबा उचलला, बाहेर गेली आणि टाकीत ओतला. इंजिन लावल्यावर मी पकडीला हात लावून पाहिलं, गार होती. वीज बॅटरीत जात होती.

“हे डिझेल संपलं की?” ताईने विचारलं.

“बाबांकडे आहे की,” दातांचे डॉक्टर जरा ओशाळून म्हणाले. “त्यांच्या गाडीमागे जनरेटर धडधडतोय. आपल्याच डब्यांवर.”

लोक तिकडे निघाले. मारामारी झाली नाही, होऊ दिली नाही मी. ज्याने त्याने आपापला डबा उचलून आणला आणि येताना गाड्यांमधले लाल दोरेही कापले. दुसऱ्या दिवशी दुपारी रुग्णवाहिका वर आली तेव्हा दाजी उशीला टेकून बसले होते.

ताईला कुणी मूर्ख म्हणू नका. जिवाभावाचं माणूस हातातून जाताना कुणीही हात जोडतं, आणि असले बाबा नेमके त्याच वेळी दारात येतात. म्हणून कळकळीने एवढंच सांगते. पुढे कुणी तुमच्यासमोर आकडा चढवून दाखवला, तर डोळे मिटू नका. त्याला विचारा, हे करण्याआधी तू काय काय बंद करायला लावलंस? तेच तुझ्याशिवाय करून बघू का? तो चिडला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.