काळ्या इरकलीचं गिऱ्हाईक

हुबळीच्या दाजीबानपेठेतले लुगड्यांचे दुकानदार श्रीहरीअप्पा गिऱ्हाइकांना पाठीवर पिलं घेऊन हिंडणाऱ्या अस्वलिणीची गोष्ट सांगत. दर वेळी एखादं पिलू वाढे. शेवटी मेहुणा परशुराम म्हणाला, "दाजी, उन्हाळा संपायच्या आत फोटो दाखवा. नाहीतर ही गोष्ट कायमची बंद."

दुकान बंद करा म्हटलं असतं तर अप्पांनी एक वेळ ऐकलं असतं. त्यांनी कॅमेरा घेतला आणि अळणावरच्या रानाकडच्या जुन्या गिऱ्हाईक तानूबाईंना सांगून ठेवलं, "करडी दिसली की फोन करा." हुबळीत जन्म गेलेला माणूस, अस्वलाला कन्नडातलं करडीच तोंडात येणार.

मे महिन्यात फोन आला. "अप्पा, करडं झाली. दोन. काळी कुळकुळीत."

अप्पा परशुरामाला घेऊन धावले. बघतात तर गोठ्यात शेळी, आणि तिची दोन करडं उड्या मारतायत. परशुराम हसता हसता शेणात बसला.

"अस्वल म्हणायचं व्हय?" तानूबाई म्हणाल्या. "ते तर येतंय की जांभळाखाली. त्याचं काय कौतिक?"

दोघं शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढले. आडोशाला दुकानातली काळी इरकल धरली. ऊन कलल्यावर अस्वलीण आली, पाठीवर दोन पिलं मानेचे केस धरून बसलेली. परशुरामाचे डोळे आपोआप मिटले. अप्पांची तर बोबडीच वळली, पण गल्ल्यावर बसून मुरलेली जीभ तिचं ती बोलली, "या अक्का, बसा. पोरांना घेऊन लांबनं आलात."

आणि हातानं सवयीनं इरकल झटकन खाली उलगडली.

अस्वलीण बसली. अगदी बसली. काठ हुंगला, पदर पंज्यानं चाचपला. अप्पांनी बटण दाबलं. मग बाई उठल्या आणि जांभळं खात निघून गेल्या.

आता तो फोटो दुकानात गल्ल्याच्या वर टांगलाय. परशुराम रोज त्याच्याकडे संशयानं बघतो.

"दाजी, खरंच बसली होती?"

"बसली. काठ पसंत पडला, रंग नाही. म्हणाली, परत येते बघायला."

"आणि काल गिऱ्हाइकाला तीन पिलं सांगितलीत. फोटोत दोनच आहेत."

अप्पांनी लुगड्याची घडी घातली. "तिसरं समोरच्या दुकानात भाव विचारायला गेलं होतं रे."