काळी पडलेली जोडवी

१९५८च्या माघात मी महाडजवळच्या एका गरम कुंडाचं पाणी तपासायला गेलो होतो. तिथला काळा दगड म्हणजे कधीकाळी थिजलेला लाव्हा. त्याच्या भेगांतून कढत पाणी वर येई, वास सडक्या अंड्याचा. मी बाटल्या भरत होतो आणि शेजारीच एका पोरीची अब्रू निघत होती.

तुळसा कशेडीकडची, लग्नाला दोन महिने झालेले. नवरा मुंबईला गिरणीत. सासू साळूबाईबरोबर ती कुंडात उतरली आणि वर आली तेव्हा तिच्या पायातली चांदीची जोडवी काळीठिक्कर! जिच्या अंगी पाप तिचीच चांदी काळवंडते, असा तिथला समज. बाकीच्या बायका आपली चांदी मुकाट घरी काढून येत, पण नव्या सुनेला ते कोण सांगणार?

"माजी बघा," साळूबाई पाय पुढे करून गरजली. "तीन वर्सांमागं मालकांनी म्हाडातनं उजळून आणली, तवापासनं एकदा काळी पडली नाय. हिला आजच म्हायेरी घालवा!"

मला राहवलं नाही. खरं सांगायचं तर शहाणपण मिरवायची हौसही होतीच. खिशातला जुना चांदीचा रुपया मी कुंडात धरला. तो काळा पडला.

"पाण्यात गंधक आहे, बाई. खरी चांदी काळी पडणारच."

"मंग माजी?" तिनं तोऱ्यात एक जोडवं काढून दिलं. मी चाकूनं खरवडलं. वर निकेलचा पातळ मुलामा, आत पिवळंधमक पितळ.

सासरा कुशाबा तिथंच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"हिनंच बदलली," तो म्हणाला. "घासायला हिच्याकडंच व्हती."

"अहो, तीन वर्षं काळी पडली नाहीत म्हणतात!" मी ओरडलो. "ही तर आत्ता आली!"

"सायेब, तुमी पान्याचं बोला. घरचं आमी बघू."

लोकांनी माना डोलावल्या. माझा संताप झाला, पण ऐकतो कोण?

साळूबाई खाली बसली. तुळसेचा पाय ओढून तिनं जोडवी ओरबाडून काढली, पोरीचा नवरा धडधाकट जिवंत असताना.

"आत्या, नको वो!" तुळसा किंचाळली.

"ही मी ठेवते," साळूबाई म्हणाली. "खरी हायेत. सायबांनीच सांगितलंय."