बारा जागांचं देऊळ

माझ्या आत्याला देव कुठेही सापडतो, आणि नाही सापडला तर ती स्वतः मांडून येते. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही त्या दिवशी मी तिला कामावर बरोबर नेलं. अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय.

इथे परदेशात मी गाइड आहे. गावाबाहेर जुन्या शहराचे अवशेष आहेत, तिथे पर्यटकांना पडक्या भिंती दाखवत फिरायचं आणि घसा कोरडा करायचा, हे माझं काम. पण तेव्हा मी तात्पुरता होतो. त्या दिवशी आमची वरिष्ठ बाई माझ्या गटाबरोबर फिरून मला पारखणार होती. पास झालो तर नोकरी पक्की. नाही तर राहण्याचा परवाना संपणार आणि मी बाडबिस्तरा गुंडाळून घरी. या बाईला मी मनातल्या मनात मोजपट्टी म्हणतो. ती हसत नाही. तिचं एकच म्हणणं, दगडाबद्दल खोटं बोलायचं नाही, आणि कुणी विचारलं तर टाळायचंही नाही.

आत्या महिनाभरासाठी आली होती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, त्यामुळे तिला घरी बस म्हणायची माझी छाती नव्हती. सकाळी मी फक्त एवढंच बजावलं, "आत्या, आज गप्प माझ्या मागून चालायचं. कशाला हात लावायचा नाही."

"मी कशाला हात लावते? मला काय कळत नाही होय?" आत्या म्हणाली आणि फाटकापाशी पोचल्या पोचल्या चपला काढून पिशवीत घातल्या.

"अगं, हे देऊळ नाही."

"मघाशी तूच म्हणालास ना, आत देवळं आहेत म्हणून? देव कुणाचा का असेना, चपला आपल्या असतात."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि पुढे निघालो. पहिल्या देवळापाशी सगळं सुरळीत झालं. मी खांब दाखवले, छप्पर कसं पडलं ते सांगितलं, मोजपट्टीनं मान हलवली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात एका आजोबांनी खांबाच्या दगडाबद्दल शंका काढली. मोजपट्टीकडे बघत मी त्यांना असं काही सविस्तर समजावलं की माझंच मला कौतुक वाटलं. मागे वळून बघतो तर गट गायब.

गट पुढच्या खोलीत होता. आत्याच्या मागे. सगळे अनवाणी.

त्या खोलीत भिंतीला लागून दगडी ओटा आहे, त्यात ओळीनं गोल भोकं आणि खाली पाण्याची पन्हळ. आत्या आपल्या बाटलीतलं पाणी एकेका भोकात ओतत, हात जोडत पुढे सरकत होती. तिच्या मागे तो सगळा गट तितक्याच गंभीरपणे आपापल्या बाटल्या रिकाम्या करत होता. एक बाई तर डोळे मिटून उभी होती.

"आलास? बघ," आत्या म्हणाली, "पिंड्या चोरून नेल्या रे मेल्यांनी. नुसत्या जागा उरल्यात. पाणी जायला वाट बघ कशी केलीय. आणि मोजल्या मी, बरोबर बारा आहेत. बारा ज्योतिर्लिंगं एका खोलीत, आणि तू म्हणे कशाला हात लावायचा नाही."

मोजपट्टी शेजारी येऊन उभी राहिली आणि थंडपणे म्हणाली, "ही खोली कशाची आहे, ते पाहुण्यांना सांगा."

खोटं बोललो तर नोकरी गेली. खरं बोललो तर हे सगळे आत्याला हसणार, ज्या बाईनं माझा शाळेचा डबा कधी चुकवला नाही तिला. मला खरंच रडू येत होतं. शेवटी मी मान खाली घालून सांगून टाकलं, की हा त्या शहराचा सार्वजनिक संडास आहे. लोक ओळीनं बसायचे, गप्पा मारायचे, खाली पाणी वाहायचं.

सगळे आपापल्या अनवाणी पायांकडे बघायला लागले आणि हशा पिकला.

"काय सांगितलंस? हसतायत का?" आत्यानं विचारलं.

मी तिलाही सांगितलं. आता ही तोंड लपवेल, असं मला वाटलं. आत्यानं ओट्याकडे एकवार नीट बघितलं.

"मग बिघडलं काय?" ती म्हणाली. "सकाळी तिथे बसल्यावर मी रोज देवाचंच नाव घेते. माझ्या वयाला आलास की तूही घेशील. या बिचाऱ्यांनीही घेतलंच असणार. आणि नमस्काराचं सोड, बऱ्याच वर्षांनी कुणीतरी पाणी तरी ओतलं."

सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी ते जसंच्या तसं त्यांच्या भाषेत सांगितलं. आजोबांनी जोरजोरात मान डोलावली आणि म्हणाले, अगदी खरं आहे. मोजपट्टीनं तोंड भिंतीकडे वळवलं. तिचे खांदे हलत होते.

नोकरी पक्की झाल्याचं तिनं संध्याकाळी कळवलं. मी धावत जाऊन आत्याला सांगितलं आणि तिच्या पाया पडलो.

"होणारच होती," ती भाजी निवडत म्हणाली. "मी नवस बोलले होते."

"कुठे?"

"तिथेच. तू तोंड उघडायच्या आधी. म्हटलं, याची नोकरी पक्की होऊ दे, माझा भाचा दर शनिवारी ही जागा स्वतःच्या हातानं झाडून काढेल."

"अगं आत्या, तो संडास आहे."

"म्हणून तर झाडायला हवा. आणि बोललेला नवस मागे घेता येत नाही, पावलाय तो."

आत्या परत जाऊन बरेच दिवस झाले. मी दर शनिवारी गट यायच्या आधी झाडू घेऊन जातो. मोजपट्टी नव्या गाइडांना लांबून मला दाखवते आणि सांगते, कामावरची निष्ठा बघा. मी झाडत राहतो. झाडून झालं की आत्याला फोन करतो.

"चपला काढल्या होत्यास ना?" ती विचारते.

काढलेल्या असतात.