नांगराची राखण

"पंपवाले, पोरीचं लग्न आहे माझ्या! आज गाण्याला आला नाहीत तर तोंड दाखवू नका!" होड्या बांधणारा सुतार आपली होडी बोटीजवळ आणून ओरडला.

"वारा बघा की!" पंपवाले बोटीवरून ओरडले. "नांगर सरकला तर बोट थेट तुमच्या मांडवात येईल!"

"मग वहिनी कुठायत? त्याच राखायच्या ना?"

"मुलीकडे. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय."

"कधी येतायत?"

पंपवाल्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

आयुष्यभर लोकांचे पंप दुरुस्त करून साठीला त्यांनी ही शिडाची बोट घेतली, बायकोला तिच्यावर बसवलं आणि या बेटाजवळ नांगर टाकला. बेटानं त्यांना लगेच आपलं म्हटलं. कुणाच्या विहिरीचा पंप अडला की हे हजर, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर बायका गायला बसल्या की पहिल्या रांगेतही हेच. गाणी पाठ झाली, ताल धरता यायला लागला. एकदा तर गडी नाचलासुद्धा.

पण वारा असला की बोटीवर कुणीतरी थांबावंच लागतं. "तू थांब हं," होडीत पाय टाकता टाकता ते बायकोला म्हणायचे. विचारायचे नाहीत, म्हणायचे. परतल्यावर सांगायचे, "काय गायल्या गं आज!"

"ऐकलं की मी," ती म्हणायची. "इथे सगळं ऐकू येतं."

पंपवाल्यांना ते सोयीचं होतं. विषय तिथेच मिटायचा.

त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर ते तिच्या जागेवर, सुकाणूजवळच्या चेपलेल्या उशीवर, जाऊन बसले. किनाऱ्यावर बायका दिसत होत्या, टाळ्यांचे हात दिसत होते. आवाज मात्र नव्हता. डोलकाठीवर दोरी आपटत होती, ती त्यांनी करकचून बांधली. पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तरी काही नाही. आणि येणार कुठून? ज्या वाऱ्यात नांगर राखावा लागतो, तो समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. गाणं तो गावात घेऊन जातो, बोटीकडे नाही. एवढी साधी गोष्ट, आणि इतक्या वर्षांत हा माणूस एकदाही या उशीवर बसला नव्हता. पंपवाल्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी फोन लावला.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

"अगं, तू ये परत. मी राखतो नांगर. तू जात जा गाण्याला."

ती हसली. "आता कसली येतेय मी? इथले दोन जिने चढवत नाहीत मला, बोटीची शिडी कोण चढणार? तुम्ही राहा. तुम्हाला आवडतं तिथे." मग म्हणाली, "सुताराच्या मुलीचं लग्न ना आज? बसल्या असतील गायला. मला ऐकवा ना जरा."

 त्यांनी फोन धरलेला हात किनाऱ्याकडे लांब केला. वारा अंगावरून तिकडेच चालला होता. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन कानाला लावला.

"आलं ऐकू?"

"आलं की," ती म्हणाली. "सगळं ऐकू आलं. छान गातायत."

पंपवाले "हं" म्हणाले आणि त्यांनी हात पुन्हा किनाऱ्याकडे धरला.