शेल्फांमागची फट

पेनसिल्व्हेनियात आमच्या भागात जमिनीतून रेडॉन येतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्या वायूला रंग नाही, वास नाही. श्वासाबरोबर वर्षानुवर्षं फुप्फुसात जात राहतो. तरी मी एकोणतीस वर्षं तळघरात वाचत बसलो आणि कधी मोजून पाहिलं नाही. अखेर मोजलं ते नातीसाठी. ॲनिका नर्सिंग शिकायला आमच्या गावी येणार होती, माझ्या तळघरात राहणार होती. पत्नी गेल्यापासून मी एकटाच. मुलीने बजावलं, "बाबा, धोक्याची रेषा चार आहे. आकडा त्याच्या खाली आला तरच. नाहीतर ती वसतिगृहात राहील."

आकडा आला अकरा. म्हणजे फरशीखालचा वायू पंख्याने ओढून पाइपमधून छपरावर सोडायला हवा होता.

सोसायटीच्या अध्यक्षा मिसेस मोयर माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. त्या म्हणाल्या, "लेस्टर, समोरून पाइप दिसला ना, तर मी स्वतः उपटून टाकेन!" मी मान डोलावली. मला वाद घालता येत नाही.

काम करायला रेनी ट्रेक्सलर आली. तिने तळघराच्या फरशीला भोक पाडलं, पाइप कपड्यांच्या कपाटांमधून वर नेला, माळ्यावर पंखा बसवला आणि पाइपचं तोंड छपराच्या मागच्या उतारावर काढलं. रस्त्यावरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. फरशीतल्या भेगा ती बुजवत होती, तेव्हा तिने विचारलं, "या पुस्तकांमागे फरशी भिंतीला नीट भिडलीय ना?"

"हो," मी म्हणालो.

ते खोटं होतं. तिथे बोटभर रुंद फट होती. झिरपलेलं पाणी वाहून जावं म्हणून बांधणाऱ्यानेच ती सोडली होती. पण शेल्फं हलवायची म्हणजे दीड हजार पुस्तकं उतरवायची. परक्या बाईला एवढा त्रास कसा द्यायचा?

दोन दिवस खिडक्या बंद ठेवून पुन्हा मोजलं. सहा.

"जाऊ दे पॅपी," ॲनिका फोनवर म्हणाली. "मी वसतिगृहात नाव घालते. रविवारी येत जाईन की." आवाज हसरा ठेवायचा ती फार प्रयत्न करत होती.

मग मी रेनीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"अहो, पंखा बिचारा त्या फटीतून तुमच्या खोलीतलीच हवा ओढतोय! फरशीखालचं कसं ओढणार?" ती म्हणाली. "आणि मी दोन दिवस पंख्याला शिव्या घालतेय. शनिवारी येते. पुस्तकं उतरवायला माणसं जमवून ठेवा."

माणसं जमवणं हे तर मला त्याहून अवघड. मी चिठ्ठी लिहिली, तीनदा फाडली, चौथी मिसेस मोयर यांच्या दाराखालून सरकवली आणि पळत घरी आलो.

शनिवारी सकाळी दार उघडलं, तर बाहेर आमच्या ओळीतले नऊ शेजारी उभे. मिसेस मोयर यांच्या हातात खाऱ्या प्रेट्झेल-बिस्किटांची पिशवी. "बघतोस काय? बाजूला हो," त्या म्हणाल्या. जिन्यावर साखळी धरून पुस्तकं हातोहात वर गेली.

"एवढी सगळी वाचलीत?" कोणीतरी विचारलं.

"निम्मी," मी कबूल केलं.

"तरीच हा सोसायटीच्या सभेला येत नाही," मिसेस मोयर म्हणाल्या. एक जाड कादंबरी त्यांनी काखेत मारली. "ही मी नेतेय. परत मागू नकोस."

रेनीने पाण्याची वाट आतून मोकळी राहील अशा बेताने फट वरून बंद केली. मग भिंतीजवळ धुराची बारीक नळी धरली. धूर फटीकडे ओढला न जाता सरळ वर गेला.

मला सगळ्यांचे आभार मानायचे होते. मी नुसता एकेकाचा हात हातात घेत गेलो.

तिसऱ्या मोजणीचा आकडा एक पूर्णांक तीन. त्या आठवड्यात ॲनिका दोन बॅगा घेऊन आली, तळघरात उतरली आणि तिथूनच ओरडली, "पॅपी, पलंग कुठे लावू?"

"तुला हवा तिथे," मी वरून म्हणालो. "अगदी कुठेही लाव."