स्टुलाने धरलेलं बाळसं

त्या रविवारी गल्लीतल्या अनाथ मुलांच्या घराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीत माणसं, भिंतीवर माणसं, आणि जिन्याच्या कठड्यावर बसायला सक्त मनाई असल्यामुळे तिथे सर्वांत जास्त. मधोमध काटेकाकांच्या किराणा दुकानातला पोती मोजायचा वजनकाटा होता आणि काट्यावर चिमणी उभी होती.

चिमणी सहा वर्षांची, आईबाप नसलेली आणि नावाला शोभेल इतकी हडकुळी. अशी नऊ मुलं या घरात राहत. त्यांचं सगळं एक मावशी बघे आणि जेवण गल्ली पुरवी. रोज एका घराची पाळी, दूध-अंड्यांसकट. हे बरीच वर्षं नीट चाललं होतं. मग चूर्णबुवा आले.

बुवांनी चिमूटभर चूर्ण चिमणीच्या जिभेवर ठेवलं. तेज निसटू नये म्हणून चेल्याने तिला जाड जांभळी शाल गुंडाळली आणि पुन्हा काट्यावर उभं केलं. काटा दीड किलो पुढे गेला. कठड्यावरचा एकजण पडता पडता वाचला.

"दूध पोटात जातं, चूर्ण थेट हाडात जातं," बुवा म्हणाले. "परदेशात हे कळलं तर आपल्याला चिमूटही मिळायची नाही, म्हणून मी कुठे बोलत नाही." हे ते लाउडस्पीकरवरून सांगत होते.

"मग पाळीचं काय?" गल्लीतल्या टेलरने विचारलं. उद्या त्याची पाळी होती.

"मुलांना आता जेवणाची गरज नाही. एक ताट तेवढं माझ्याकडे पाठवत जा. चूर्ण सिद्ध करताना ताकद खर्च होते माझी."

नऊ ताटांच्या जागी एक. सौदा वाईट नव्हता. गल्लीची श्रद्धा एकदम दाटून आली.

काटेकाकांचं डोकं मात्र अडून बसलं. "दीड किलो वाढायला दीड किलो पोटात जायला नको? चिमटीतून ते आलं कुठून?" ते पुटपुटले.

टेलरचे कान तिखट. "म्हणजे तुमचा काटा खोटा आहे म्हणता?"

झालं, सगळी गल्ली काकांकडे वळली. याच काट्यावरचे तांदूळ खाऊन ती मोठी झाली होती. काटा खोटा म्हणावं तर दुकानाला कुलूप, खरा म्हणावं तर बुवा खरे. इकडे आड, तिकडे विहीर.

"काटा खरा आहे," काका म्हणाले, आणि गल्लीने बुवांचा जयजयकार केला.

चार दिवसांनी मावशी दुकानात आली. घरातलं होतं नव्हतं ते तिने पुरवून पुरवून वाढलं होतं. "काका, तुमचा काटा म्हणतो मुलं भरली. मी चिमणीला कडेवर घेते, मला तसं लागत नाही. बोलायला गेले तर लोक म्हणतात, काटा दाखवतोय ना, तुला काय जास्त कळतं?"

काकांनी काटा उलटा केला, खाली चुंबक शोधलं, स्प्रिंग काढून पुन्हा बसवली. काही सापडेना. शेवटी ते मुलांच्या घरी जाऊन चिमणीसमोर उकिडवे बसले.

"चूर्ण खाल्लं की काय होतं गं?"

"कडू लागतं. मी थुंकते."

"आणि मग?"

"मग खांदे दुखतात."

"बुवा म्हणतात ते बळ उतरतं म्हणून."

मठ्ठ मुलाकडे बघावं तसं चिमणीने त्यांच्याकडे बघितलं. "शाल जड आहे काका."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. स्प्रिंग काढली, तळ खरवडला, पण जिच्या अंगावर शाल होती तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी काका दुकानातलं तीन पायांचं स्टूल घेऊन आले. "बुवा, हे फार अशक्त झालंय. एक चिमूट द्या."

"निर्जीव वस्तूला श्रद्धा नसते," बुवा म्हणाले.

"चिमणी तरी कुठे श्रद्धेने खाते? थुंकते."

लोक हसले. बुवांनी नाइलाजाने स्टुलावर चूर्ण टाकलं, पण चेला शाल सोडेना. इतरांच्या स्पर्शाने म्हणे तेज उतरतं. टेलरनेच ती ओढून घेतली. "देऊन टाक रे. वजन वाढलं नाही की काकांची चांगली जिरेल."

स्टुलाला शाल पांघरली. काटा दीड किलो पुढे गेला.

"अगं बाई," एक आजी म्हणाली, "आता चौथा पाय फुटतो की काय याला."

टेलर हसला नाही. शाल त्याच्या हातात येऊन गेली होती आणि कापडाच्या मानाने भलतीच जड लागली होती. त्याने खिशातून कात्री काढली आणि जाड काठ उसवला. मासेमारीच्या जाळ्याला लावतात तशा शिशाच्या गोळ्या फरशीवर टपाटप पडल्या. जन्मभर काठ शिवलेला माणूस, पण इतके दिवस लांबूनच हात जोडत होता.

"ते मंतरलेलं शिसं आहे," बुवा म्हणाले, पण फाटकाकडे जाता जाता. चेला आधीच रस्त्यावर पोचला होता.

हशा ओसरला तसं काकांनी चिमणीला नुसतंच काट्यावर उभं केलं. बुवा यायच्या आधी होतं, त्याहून वजन कमी भरलं. मग कुणी हसलं नाही.

"काटा खरंच बोलत होता," काका म्हणाले. "त्याने वजन सांगितलं. कशाचं, ते आपण विचारायचं होतं. विचारलं नाही, कारण आपली आठ ताटं वाचत होती. फुकटात काम होतंय असं कुणी दाखवलं ना, की आधी शाल उचलून बघायची. आणि शहाणा म्हणून माझ्याकडे बघू नका, ताटं वाचली म्हणून मीही तेवढाच खूश होतो. आज पाळी माझीच आहे."

ते घरी जाऊन पातेलंभर दूध आणि गरम जेवण घेऊन आले. टेलर उद्याची अंडी आजच घेऊन आला. मुलं जेवायला बसली आणि गल्ली दारातच उभी राहिली, कुणाचाच पाय निघेना.

जेवून झाल्यावर चिमणी तोंड पुसत आपण होऊन काट्यावर चढली. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. काटा अगदी थोडा सरकला, जेवढं पोटात गेलं होतं तेवढाच.